गायकावरची फिल्म आणि गाणं एकही नाही! या रॉकवाल्या डीव्हीड्या सगळ्या अशाच असतात का?

कॅसेट_पेन्सिल

नमस्कार मंडळी. दिवाळीची आवराआवर चालू आहे, त्यात माळ्यावरच्या खोक्यात पाच डीव्हीड्या सापडल्या. २००७ की २००८ साली एका प्रदर्शनात "कुठलीही घ्या ९९" असा ढीग लावला होता त्यातून आणलेल्या, मग बदली झाली मग प्लेअर बिघडला, थोडक्यात वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. आता भाच्याच्या जुन्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह आहे म्हणून शनिवारी रात्री हौसेने बसलो. क्वीन, लेड झेपेलिन आणि निर्वाणा या रॉक बँडांवर एकेक, एक गिटारवाल्या हेंड्रिक्सवर आणि पाचवी योगासनांची, ती बायकोने उचललेली.

सुरुवात क्वीनने केली. कव्हरवर त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, पिवळं जॅकेट, मूठ वर. मागे "दुर्मिळ फुटेज" वगैरे. लावली तर मेन्यूलाच कुठल्यातरी भलत्याच गिटारचा आठ सेकंदांचा तुकडा गरगर फिरतोय, म्हटलं मेन्यूच आहे, असू दे. मग ५२ मिनिटांची फिल्म आणि राव शपथेवर सांगतो, ५२ मिनिटांत क्वीनचं एकही गाणं नाही. एक ओळ नाही. निवेदक खर्जात म्हणतो "आणि मग १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एडमध्ये अख्खं वेम्ब्ली त्याच्या तालावर नाचलं", मी सरसावून बसलो, पडद्यावर काय तर वेम्ब्ली स्टेडियमचा फोटो. बाहेरून काढलेला! कॅमेरा त्या फोटोवरून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो, मागे लिफ्टमध्ये वाजतं तसलं सिंथेसायझर, आणि फोटो संपला की परत उजवीकडून डावीकडे.

मुलाखती तर विचारूच नका. एक गृहस्थ पबमध्ये बसलेत, नावाखाली नुसतं "मित्र" असं लिहिलंय. कोणाचा मित्र ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्या एका पत्रकाराच्या मागे रबराच्या झाडाची कुंडी आहे, तो दर सात-आठ मिनिटांनी येऊन "तो स्टेजवर वेगळाच माणूस असायचा" हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगून जातो. शेवटी मी त्या कुंडीकडेच बघत होतो.

बाकीच्या तीन पुढे ढकलत ढकलत बघितल्या, तीच गत. योगासनांच्या डीव्हीडीत निदान योगासनं तरी आहेत असं बायको म्हणाली आणि तिला उत्तर नव्हतं.

तर प्रश्न असे. हे सगळे लोक असं का करतात, गाण्याशिवाय फिल्म काढायचं धाडस होतंच कसं? घ्यायच्या आधी ओळखायचं कसं? आणि मेव्हण्याची पन्नाशी आहे पुढच्या महिन्यात, कट्टर क्वीनवाला आहे, डिस्क जपून ठेवणाऱ्या जमातीतला, त्याला द्यायला एखादी खरंच चांगली फिल्म आहे का? ही दिली तर बहिणीकडचं जेवण बंद होईल.

ड्रमकाठी

हसून हसून पुरेवाट! त्या कुंडीवाल्याला मी ओळखतो, माझ्या डीव्हीडीत तो डोअर्स बँडवर बोलायला आला होता, कुंडी तीच.

ओळखायचं सोपं आहे हो. मागच्या बाजूला अगदी तळाला, बारकोडशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की या कार्यक्रमाला बँडची किंवा त्यांच्या कंपनीची मान्यता नाही आणि यात बँडचं मूळ संगीत नाही. भिंग घेऊन जा. आणि गाण्यांची यादी कुठेच दिसली नाही की समजायचं. पुढच्या बाजूला "अनधिकृत" हाच शब्द मोठ्या लाल अक्षरांत शिक्क्यासारखा छापतात, म्हणजे आपल्याला वाटावं काहीतरी सनसनाटी आहे, जे बँडला लपवायचं होतं. लपवलंय ते गाणं!

फीत_फिरली

धागाकर्ते, मी अंधेरीत १४ वर्षं एडिटिंगला काढली आहेत, थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

गाणं एक दिसतं पण त्याचे मालक दोन असतात. शब्द आणि चाल एकाची, म्हणजे गीतकार-संगीतकार आणि त्यांचा पब्लिशर. आणि स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली ती विशिष्ट टेप दुसऱ्याची, बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीची. चित्राखाली गाणं वाजवायचं तर दोघांची वेगवेगळी परवानगी आणि दोघांना वेगवेगळे पैसे. त्यात ती क्लिप टीव्हीवरच्या कार्यक्रमाची असेल तर तिसरा मालक, तो चॅनेल. म्हणजे तीस सेकंदांसाठी तीन दारं वाजवायची, आणि तिघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं की संपलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही.

आता ९९ रुपयाच्या डीव्हीडीचं बजेट काय असणार? मग काय फुकट किंवा स्वस्तात मिळतं ते बघायचं. मुलाखत ही मुलाखत घेणाऱ्याकडे किंवा त्याच्या स्टेशनकडे असते, त्यात गाणं नाही म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा संबंध नाही. विमानतळावर उतरताना, पत्रकार परिषदेत, हॉटेलबाहेर पोरींच्या किंकाळ्या, असलं सगळं बातम्यांचं फुटेज सेकंदाच्या दराने विकत मिळतं. म्हणून या फिल्मांमध्ये बँड कायम विमानातून उतरतच असतो, वाजवत कधीच नाही. बघा परत लावून.

आणि ते लिफ्टमधलं संगीत. ते असं बनवून घेतात की ऐकून मूळ गाण्याची आठवण यावी पण सूर तेच नसावेत. चार गिटारवाले हेच काम करून घर चालवतात, त्यांना नावं ठेवू नका, अवघड काम आहे, जवळ जायचं पण शिवायचं नाही.

ब्रिटनमध्ये एक पळवाट आहे, त्यांच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी छोटासा तुकडा वापरायला मुभा आहे. म्हणून तिकडच्या काही मालिकांमध्ये समीक्षक बसवलेले असतात, दहा-वीस सेकंद गाणं, लगेच समीक्षक त्यावर बोलणार, परत थोडं गाणं. 'अंडर रिव्ह्यू' नावाची मालिका त्याच पठडीतली. त्या कोरड्या वाटतात पण त्यात निदान खरं गाणं कानावर पडतं आणि बोलणारी माणसं अभ्यास करून आलेली असतात. मी त्यांना तुमच्या कुंडीवाल्याच्या रांगेत बसवणार नाही.

आणि हे फक्त भुरट्यांचंच होतं असं समजू नका. निक ब्रूमफिल्ड हा नावाजलेला दिग्दर्शक, त्याने १९९८ ला 'कर्ट अँड कोर्टनी' काढली, निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूवर, त्यात निर्वाणाचं एकही गाणं नाही, परवानगीच मिळाली नाही. सनडान्स चित्रपट महोत्सवातून ऐन वेळी काढून घ्यावी लागली होती. पण त्याने रडत न बसता ती अडवणूक हाच फिल्मचा विषय केला, म्हणून ती बघवते. तुमच्या डीव्हीडीवाल्याने ते कबूल करायचं सोडून सिंथेसायझर लावला.

हाउन्स्लोची_आक्का

फीत_फिरली +१. मी इकडे लंडनच्या पश्चिमेला राहते, इथल्या चॅरिटी शॉपमध्ये या डीव्हीड्या एक पौंडाला अक्षरशः टोपलीत पडलेल्या असतात. फादर्स डेच्या आधी घेतात आणि फादर्स डेनंतर परत त्याच दुकानात देऊन टाकतात असा माझा अंदाज आहे, कारण बऱ्याचशांचं प्लॅस्टिक तसंच असतं. तुमच्यासारखंच!

पण मला थोडं उलटंही म्हणायचंय. बँडने स्वतः काढलेल्या फिल्मा चांगल्याच असतात असं कुठेय? त्यात गाणी पोटभर मिळतात, पण जो माणूस पैसे देतोय तोच नायक. भांडणं, दारू, ड्रग्ज, सोडून गेलेला मेंबर, सगळं दोन वाक्यांत "तो कठीण काळ होता" म्हणून पुढे. मेल्यानंतर तर विचारूच नका.

बीटल्सचंच घ्या. १९८२ ला 'द कम्प्लीट बीटल्स' आली होती, निवेदन माल्कम मॅकडॉवेलचं, बाहेरच्या लोकांनी केलेली, तरी त्यात खरी गाणी होती आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन स्वतः बोलले होते. दोन तासांत छान गोष्ट सांगितलेली. ती अधिकृतपणे डीव्हीडीवर कधी आलीच नाही. त्याऐवजी १९९५ ला बँडची स्वतःची 'अँथॉलॉजी' आली, खजिना आहे, नाही म्हणत नाही, पण प्रत्येकजण तोलूनमापून बोलतो. आणि 'लेट इट बी', ज्यात चौघं एकमेकांवर वैतागलेले दिसतात, १९७० ची फिल्म, ती व्हीएचएसच्या जमान्यानंतर चाळीसेक वर्षं बाजारात नव्हती. २०२१ ला पीटर जॅक्सनने त्याच जानेवारी १९६९ च्या रिळांमधून जवळजवळ आठ तासांची 'गेट बॅक' काढली, लोक म्हणाले अरे हे तर हसतखेळत होते! आणि ते झाल्यावर मग २०२४ मध्ये मूळ फिल्म परत दाखवली. म्हणजे काय बघायचं, कधी बघायचं हे मालक ठरवणार.

म्हणून अनधिकृत म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही. आळशी म्हणजे वाईट.

अवांतर: फ्रेडीच्या घरचे झांझिबारहून येऊन राहिले ते फेल्टम माझ्यापासून बसने वीस मिनिटं. त्या घरावर २०१६ पासून निळी गोल पाटी आहे, फ्रेडी इथे राहायचा हे सांगणारी. साधं रांगेतलं वाटावं असं घर, बाहेर कचऱ्याचे डबे. फिल्मवाल्याला तिथवर जाऊन पाटीचा एक शॉट घ्यायला काय झालं होतं?

ड्रमकाठी

आक्का, डीव्हीडी २००७ ची, पाटी २०१६ ची. बिचाऱ्याला एवढं तरी माफ करा :)

हाउन्स्लोची_आक्का

पाटी नव्हती, घर होतं ना!

वाईचा_वळू

धागाकर्त्यांना एकच विचारायचंय, त्या क्वीनच्या डिस्कमध्ये फ्रेडीची पाचगणीची शाळा आहे का? कारण माझ्याकडेही अशीच एक आहे, तीच असावी, कव्हर पिवळं जॅकेट.

माझ्या डिस्कमध्ये पाचगणीला पुरी पंचवीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजलीत. निवेदक म्हणतो "भारतातल्या एका दूरच्या बोर्डिंग शाळेत" आणि पडद्यावर काय? घाट, गंगा, होड्या, साधू आणि एक उंट. उंट!! अरे पसरणी घाट चढून या की एकदा, टेबललँडवर घोडे मिळतील, उंट कुठून आणलास बाबा. पंचवीस सेकंद झाली की थेट लंडन.

आणि खरी गोष्ट तिथेच तर आहे. फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बलसारा, पारशी घर, जन्म झांझिबारचा ५ सप्टेंबर १९४६, आठेक वर्षांचा असताना आईबापांनी बोटीत बसवून इकडे सेंट पीटर्समध्ये पाठवलेला. वर्षानुवर्षं घरापासून लांब. पियानो शिकला तो इथेच, फ्रेडी हे नावही इथेच पडलं, पुढच्या दातांमुळे पोरं "बकी" म्हणून चिडवायची ते वेगळं. हेक्टिक्स नावाचा शाळेचा बँड केला तोही इथेच, हा पियानोवर, रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणी कानाने उचलून वाजवायचे. त्या बँडमधला एक पोरगा पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवायचा, पुण्यातल्या कित्येकांनी त्याच्याकडे सिझलर खाल्लं असेल आणि पत्ताही नसेल. १९६३ ला फारुख परत झांझिबारला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली म्हणून घरचे सगळे इंग्लंडला पळाले.

म्हणजे आयुष्यातली जडणघडणीची सगळी वर्षं सातारा जिल्ह्यात, आणि यांच्याकडे त्याला पंचवीस सेकंद आणि उंट. यात कुठली परवानगी लागत होती सांगा, फीत_फिरली? पाचगणीच्या धुक्याचा मालक कोण? गाणी नाही मिळाली समजू शकतो, पण म्हणून तर जे फुकट आहे ते नीट करायचं ना. शाळेतल्या जुन्या मास्तरांना, बरोबरच्या पोरांना तेव्हा शोधलं असतं तर सापडले असते. आमच्याकडे अजून टुरिस्ट गाडी थांबवून विचारतात "फ्रेडीची शाळा कुठेय", स्ट्रॉबेरी क्रीम खाताखाता आम्ही रस्ता दाखवतो.

फीत_फिरली

वळूशेठ, बिनतोड. उंटाचं स्पष्टीकरण देऊ शकतो. फुटेज लायब्ररीत "भारत" म्हणून शोधलं की पहिल्या पानावर जे येतं ते. एडिटरला त्या रात्री दोन वाजता पंचवीस सेकंदांचं भोक बुजवायचं होतं. मीही बुजवलीत अशी, कुठली ते विचारू नका.

सहा_तारा

झेपेलिनवाल्या डीव्हीडीबद्दल कोणी काही बोललंच नाही म्हणून. त्यात मुंबई आहे का हो? माझ्याकडच्यात नव्हती. १९७२ च्या ऑक्टोबरात झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत होते, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी परत वाजवली होती, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये रात्री चढून वाजवलंही होतं. आमचे काका तेव्हा कॉलेजात, ते अजून दर लग्नात सांगतात की ते त्या रात्री तिथे होते, आणि काकू दर लग्नात सांगतात की ते त्या रात्री नाशिकला होते.

ती मुंबईची रेकॉर्डिंग्ज वर्षानुवर्षं चोरट्या कॅसेटवर फिरायची, अधिकृतपणे २०१५ ला आली, त्यांचा 'कोडा' अल्बम परत काढला त्यात. 'फ्रेंड्स' ऐकाच, तबला आणि सारंगी गिटारच्या अंगावर धावून येतात असं वाटतं.

झेपेलिनचं हवं असेल तर २००३ चा त्यांचा स्वतःचा दोन डिस्कचा डीव्हीडी सेट घ्या. पाच तासांहून जास्त. कोणी काही समजावून सांगत नाही, खुर्चीत कोणी बसलेलं नाही, नुसतं वाजवतात. रॉयल अल्बर्ट हॉल १९७० मध्ये त्यांचा ड्रमर बॉनम ड्रमवर हाताने मारतो ते जवळून दिसतं.

मेव्हण्यासाठी मात्र माझं मत ठाम आहे. 'क्लासिक अल्बम्स' मालिकेतली, क्वीनच्या 'अ नाइट अॅट द ऑपेरा'वरची. त्यात क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे मिक्सिंग टेबलासमोर बसतो आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची मूळ टेप लावून एकेक पट्टी वरखाली करतो. सगळं बंद करून नुसते आवाज ठेवतो, मग ते आवाजही सुटे करतो. १९७५ मध्ये चोवीस ट्रॅकची टेप होती, आवाजावर आवाज चढवायला जागा पुरेना म्हणून आठ-दहा आवाज एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, मग मोकळ्या झालेल्या जागेत परत गायचे, असं करत करत टेप इतकी फिरली की तिचा थर झिजून आरपार दिसायला लागली म्हणतात. हे वाचलेलं सगळ्यांनीच असतं. पण मे पट्टी वर करतो आणि फ्रेडीचा एकट्याचा आवाज त्या खोलीत येतो, मागे पियानोसुद्धा नाही, श्वास घेतलेला ऐकू येतो, तेव्हा मे काही बोलत नाही, नुसता पट्टीवर बोट ठेवून बसतो. मी त्या जागी तीनदा मागे नेऊन बघितलं. ही माणसं त्या खोलीत होती म्हणून त्यांना बोलावलंय, एवढाच फरक.

डिस्क घेताना रिजन, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो नंबर, बघा मात्र, आपल्याकडे पाच नंबर, अमेरिकेची एक. परदेशातून मागवली आणि प्लेअरने थुंकली असं नको.

कॅसेट_पेन्सिल

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल रात्री फीत_फिरली म्हणाले म्हणून क्वीनची परत लावली आणि मोजलं, बँड विमानातून सहा वेळा उतरतो. त्यातली दोन विमानं एकच आहेत. वळूशेठ, पाचगणी आहे, उंटही आहे, डिस्क तीच. भिंगाने मागचं वाचलं, ड्रमकाठी म्हणतात ते तस्संच लिहिलंय, बारकोडच्या खाली, राखाडी रंगावर राखाडी अक्षरात.

एक मात्र सांगायचं राहिलं. निर्वाणाच्या डिस्कमध्ये शेवटी एक्स्ट्रा म्हणून एका साउंडवाल्याची सलग अकरा मिनिटांची मुलाखत आहे, न कापलेली, छोट्याशा क्लबमध्ये त्यांचा माइक लावताना स्टँड का सारखं पडायचं, मग त्याने ते चिकटपट्टीने फळीला कसं बांधलं, मालकाने फळीचे पैसे कसे मागितले. त्या माणसाला बोलायला येत नाही, मध्येच थांबतो, नाक ओढतो, पण तेवढी अकरा मिनिटं मी हललो नाही. मुख्य फिल्ममध्ये त्याचं एक वाक्य घेतलंय, "तो वेगळाच माणूस होता" एवढंच.

मेव्हण्यासाठी 'अ नाइट अॅट द ऑपेरा'वाली शोधतोय, एक ओळखीचा जुना सीडीवाला बघतो म्हणालाय. बाकीच्या फुकट द्यायच्या आहेत, निर्वाणाची सोडून. कुणाला हव्या असतील तर व्यक्तिगत निरोप करा, पुण्यात येऊन घेऊन जा.

वाईचा_वळू

योगासनांची देताय का?

कॅसेट_पेन्सिल

बायको नाही म्हणतेय.